विहिरीतला ज्वालामुखी

अजून आठवलं की डोकं फिरतं.

किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षीची थंडी. आमच्याकडे बारामती तालुक्यात नुसती भांडी वाजली होती, पण अफवांना ऊत आला. जमीन आतून तापलीय, आता ज्वालामुखी फुटणार, असं जो तो सांगत सुटला. लोणी भापकरजवळ माझ्या सासरी तेव्हा नवी विहीर खणत होते. काळ्या पाषाणात सुरुंग लावून लावून कसंबसं तळाशी पाणी लागलं होतं. आणि एका पहाटे गड्यांना विहिरीतून धूर निघताना दिसला. काम तिथंच थांबलं.

ही विहीर हवी होती आम्हां दोघी जावांना. पाणी दुसऱ्याच्या मळ्यातून आणावं लागे. धाकटी जाऊ इंदापूरकडची, पोटुशी होती. तरी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी चुकत नव्हती.

मी बारामतीला शाळेत भूगोल शिकवायचे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. ते आणि गावातले चार जाणते ओसरीवर चिंतेत बसले होते, त्यांना मी समजावायला गेले. म्हटलं, ज्वालामुखी काय एकाच जातीचा असतो? राखेचे आणि लाव्ह्याचे थर चढून उंच टोकदार डोंगर होतो, तो एक. हवाई बेटावरचा मौना लोआ जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, पण तो पालथ्या ढालीसारखा पसरट. आणि कुठं कुठं डोंगरच नसतो, जमिनीला लांबच लांब भेगा पडतात. गुऱ्हाळावर कढईतला पाक गूळ थंड करायच्या पसरट वाफ्यात ओततात तसा लाव्हा पसरतो, थरावर थर. आपला काळा पाषाण तसाच झालाय. पण त्याला कोट्यवधी वर्षं झाली, आता तो थंडगार दगड आहे.

एवढ्या सगळ्यातलं त्यांनी नेमकं एकच उचललं.

"म्हंजी आपुन ज्वालामुखीवरच बसलोय की!" एकजण म्हणाला.

मी म्हटलं, "आबा, तो धूर नाही, वाफ आहे. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं."

"तू बघितलंस व्हय?"

कसं बघणार? आमच्या घरचा नेम असा, की नव्या विहिरीच्या पाण्याची पूजा होईपर्यंत बाईनं काठावर पाऊल टाकायचं नाही. जन्मभर पाणी वाहायचं बाईनं, आणि ते लागलं का हे बघायचं पुरुषांनी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पदर खोचला, तांब्या घेतला आणि शिडीनं विहिरीत उतरले. ओरडा झाला, माणसं धावत आली. वर काठावर सगळी तोंडं वाकून बघत होती. त्यांच्या देखत मी तांब्या बुडवला आणि घटाघटा प्यायले.

"कुठाय ज्वालामुखी? दाखवा मला!" मी खालून ओरडले.

ज्वालामुखीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, हे खरं. मी वर आले तेव्हा आबा माझ्याकडे न बघता गड्यांना म्हणाले, "पूजा न्हाय झाली आन् बाई उतरली. हीर बाटली. बुजवून टाका."

माझा नवरा तिथंच उभा होता. शिकलेला माणूस. त्यानं खाली मान घातली आणि चपलेनं माती उकरत राहिला. त्या मान खाली घालण्याचा मला आबांपेक्षा जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. विहिरीतून काढलेले दगड काठावर रचलेलेच होते. गड्यांनी तेच परत आत ढकलले.

विहीर बुजली त्या संध्याकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या हंडे घेऊन निघालो. बुजवलेल्या विहिरीपाशी जाऊ थांबली. एक हात पोटावर होता.

"आक्का, कसं हुतं वो पानी?"

"गोड होतं," मी म्हणाले.

तिनं चुंबळ नीट केली आणि ती चालू लागली.