साबणाच्या थेंबातला पराक्रम

क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणाचं जाड कवच असतं, आणि औषध त्यातून आत शिरता शिरत नाही. ते कवच भेदायचा विडा एका रसायनवाल्यानं उचलला, आणि तेव्हापासून स्वारीचे पाय काही जमिनीला लागेनात. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'भेदक' म्हणत, अर्थात पाठीमागे. वर्षानुवर्षं तो औषधाच्या रेणूला कधी शेपूट लावी, कधी छाटी, कधी तेलकट करी. शेवटी एकदाचे नळीतले जंतू मेले. झालं! भेदकानं गावभर डंका पिटला. घरी अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या भावालाही सांगून आला, "थोडी कळ काढ. माझं औषध आलंच समज."

भावाचा क्षय मोठा हट्टी. त्यावरच्या गोळ्यांनी बिचाऱ्याला ओकाऱ्या व्हायच्या, कान घणघणायचे.

जंतू वाढवायचं काम भेदकाच्या बायकोकडे होतं. ती म्हणाली, "अहो, नळीत साबण आहे." मेणामुळे हे जंतू एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून थेंबभर साबण घालायची रीतच आहे. "त्यानंच कवच सैल झालं असेल तर? एकदा साबणाशिवाय बघू या."

"तुला माझं चांगलं बघवतच नाही!"

जंतूचं कवच परवडलं, पण याची कातडी गेंड्याची! बायकोनं मात्र गुपचूप नळ्या लावल्या. या जंतूंचा कारभार गोगलगायीचा, महिना गेला. साबण नसलेल्या नळीत जंतू मजेत वाढलेले होते. भेदकानं नळी उजेडाकडे धरली, हलवली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. जंतू होते तिथेच.

संध्याकाळी दोघं भावाकडे गेले. तो जास्तच खोकत होता. उशी सारखी करताना वहिनीच्या हाताला डबा लागला, गोळ्यांनी भरलेला.

"हे काय रे?" भेदक ओरडला.

"तूच म्हणालास ना, तुझं औषध येतंय? मग हे विष कशाला गिळू?" भाऊ हसला. "कधी आणतोस, दादा?"

एरवी तासन्‌तास भाषण ठोकणारा भेदक डब्यातल्या गोळ्या मोजू लागला. बायको म्हणाली, "सांगा आता."

"माझं औषध नाही रे आलं," तो म्हणाला. "सगळी साबणाची करामत होती. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ. जुन्याच गोळ्या, परत पहिल्यापासून."

भावानं आधी डब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मग दादा, ओकाऱ्या थांबल्या, कान शांत झाले, महिनाभर मी बरा कशानं होत होतो?"