पाण्याच्या नळीतली रेघ

“भावजय आहे म्हणून तिला इथे घुसवू नका, साहेब. तिच्या हाताला वळण नाही. आज बाटली फोडील, उद्या कुणाचं वर्षभराचं काम नासवील.”

आपल्या नणंदेचे हे बोल वहिनीने दाराबाहेरच्या बाकावर बसून ऐकले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्यासाठी बाई हवी होती आणि आतून बोलावणं यायची ती वाट बघत होती. विभागप्रमुखांचा आवाज आला, की बाई, नणंद-भावजयीचं काय असेल ते घरी मिटवा, मला इथे बाटल्या धुऊन हव्या आहेत. त्यावर वन्सं आणखी बरंच बोलल्या, साहेबही चढले. शेवटी दार ढकलून वन्सं बाहेर आल्या आणि बाकावर कोणी बसलेलंच नाही अशा थाटात जिना उतरून गेल्या. संध्याकाळी जेवताना मात्र त्यांनी नेहमीसारखी भाजी पुढे सरकवली, आणि वहिनीने नेहमीसारखी वाढून घेतली. नोकरी लागली. तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. काढला नाही म्हणजे विसरला गेला, असं फक्त वहिनीच्या नवऱ्याला वाटत होतं. त्याला तसं बरंच काही वाटायचं.

वन्सं लग्नाच्या फंदात पडल्या नव्हत्या. भावाच्या घरातली मागची खोली त्यांची आणि प्रयोगशाळेतलं खिडकीखालचं टेबल त्यांचं. दोन्हीकडे माणसं आपोआप हळू बोलत. त्या तिथल्या जुन्या तंत्रज्ञ. मुलांनी त्यांचं नाव ‘उणे ऐंशी’ ठेवलं होतं. कोपऱ्यात एक भलंमोठं शीतकपाट घरघरत असे, शून्याच्या खाली ऐंशी अंशांवर त्यात नमुने गोठवून ठेवत. वन्संना शंका विचारण्यापेक्षा त्या कपाटात डोकं घातलेलं बरं, असा त्या नावाचा अर्थ. वन्संच्या कानावर ते गेलं होतं. “असू दे,” त्या म्हणाल्या होत्या, “माझ्याकडे ठेवलेलं नासत तरी नाही.”

वहिनीला तर त्या पाण्यातच पाहत. एका घरातून निघून एकाच इमारतीत जाणाऱ्या या दोघी रस्त्याच्या दोन बाजूंनी चालत. वहिनी तरी कुठे गरीब गाय होती! वन्संच्या डब्यात मीठ कमी पडू लागलं. तक्रार करावी तर डबा स्वतः भरावा लागेल, म्हणून वन्सं ते अळणी जेवण मुकाट गिळत आणि त्याचा राग बाटल्यांवर काढत. धुतलेली बाटली उजेडात धरून त्या इतक्या वेळा फिरवत, की बाटलीलाच आपलं काही चुकलं असं वाटावं.

तिथलं काम म्हटलं तर साधं होतं. झाडाच्या पानाचा चुरा करायचा, त्यातला डीएनए काढायचा आणि त्याच्या हव्या त्या तुकड्याच्या यंत्रात अगणित नकला करून घ्यायच्या. मग त्या नकला जेलच्या, म्हणजे थिजलेल्या खळीसारख्या वडीच्या, एका टोकाला भरून विजेच्या जोरावर पळवायच्या. खास दिव्याखाली धरलं की डीएनए जिथवर पोचला तिथे रेघ चमकते. नळ्यांच्या रांगेत एक नळी मात्र नुसत्या पाण्याची. तिच्यात नकलांसाठी कालवलेल्या मिश्रणाचा बाकी मसाला सगळा तोच, डीएनए तेवढा नाही. तिने गप्प बसायचं, एवढंच तिचं काम. तिच्या जागी रेघ उमटली तर समजायचं, की कुठून तरी परका डीएनए आत शिरलाय. आणि मग शेजारच्या रेघांवरही भरवसा ठेवायची सोय राहत नाही.

साहेब निवृत्त होऊन नव्या मॅडम आल्या, त्या वर्षी ही पाण्याची नळी बोलायला लागली. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर, आणि ज्याच्या त्याच्या जेलमध्ये पाण्याच्या जागी रेघ. मॅडमनी वन्संना कारण विचारलं. वन्संकडे ते तयारच होतं. नळ्या पाकिटातल्या, कोऱ्या. पाणी मात्र वहिनीने धुतलेल्या बाटलीत भरून वाफेच्या भांड्यात तापवलेलं.

“धुणारी बदला, रेघ जाईल,” त्या म्हणाल्या. वहिनी तिथेच बेसिनपाशी उभी होती. तिने नळ बंद केला, म्हणजे पुढचं नीट ऐकू यावं. पुढचं मॅडम बोलल्या: आधी तपासून बघते, बाटल्यांतच दोष निघाला तर धुण्याचं काम बाहेर देऊन टाकू.

चार घरची भांडी सोडून वहिनीने ही नोकरी धरली होती, आणि पुन्हा त्या चार दारांत उभं राहायची तिची तयारी नव्हती. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, दोघी घरच्याच आहात, समजुतीने घ्या.

“समजुतीनेच पोटावर पाय देतायत त्या,” वहिनी म्हणाली. पलीकडच्या खोलीत ते ऐकू गेलं असणार, कारण वन्संनी रेडिओ मोठा केला.

मॅडमनी तपास सुरू केला. पहिल्यांदा त्यांनी सीलबंद पाणी विकत आणलं. रेघ होतीच. वन्संनी लगेच सांगितलं, की नळ्या ठेवायचे स्टँडही तीच धुते. मग मॅडमनी उलटं केलं. पाणी वहिनीच्या बाटलीतलं, स्टँड वहिनीने धुतलेले, फक्त पिपेट स्वतःच्या कपाटातली, नवी. पिपेट म्हणजे थेंबाचाही अंश मोजून उचलणारी दांडी. त्या दिवशी पाण्याच्या जागी काळोख दिसला, आणि तो बघून वहिनीला दिवाळखोराचं कर्ज माफ झाल्यासारखं हलकं वाटलं. मॅडमनी तोच प्रयोग पुन्हा केला. पुन्हा काळोख. मग त्यांनी बाकी सगळं तसंच ठेवून वन्संची पिपेट उचलली. रेघ आली.

वन्संची पिपेट म्हणजे वन्संचा जीव. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता, त्यामुळे सगळ्या विभागात तीच सर्वांत स्वच्छ असं जो तो धरून चालला होता. पण त्या तीच पिपेट सकाळी मिश्रणाच्या खोलीत सगळ्यांचं मिश्रण कालवायला वापरत आणि दुपारी जेलच्या खोलीत तयार नकला भरायला. दांडीचं टोक तर मी दर वेळी बदलते, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. पण नकलांनी भरलेली नळी उघडली की डोळ्यांना न दिसणारा तुषार उडतो, तो दांडीत चढून बसतो आणि सकाळी कोऱ्या मिश्रणात उतरतो. कांदा चिरून सुरीचं पातं बदलावं आणि मुठीला वास तसाच राहावा, तशी गत.

वहिनीने मॅडमकडून शेवटच्या जेलचा फोटो मागून घेतला. संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिने तो वन्संच्या ताटाशेजारी ठेवला. नवऱ्याचा घास हातात राहिला. वन्संनी चष्मा लावला, फोटो उचलला आणि चांगला वेळ घेऊन बघितला.

“जेल वाकडं ओतलंय,” त्या म्हणाल्या. “आणि असले कागद जेवणाशी आणू नयेत.”

“तुमच्या ताटात काय वाढलंय ते तुम्हाला दिसावं, म्हणून आणला.”

वन्संनी फोटो पालथा घातला आणि जेवू लागल्या. वहिनी एका शब्दाची वाट बघत होती. माफी नको होती तिला. ‘बाटल्या स्वच्छ होत्या’, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. वन्सं हात धुऊन उठल्या. डब्यातलं मीठही मग वहिनीने वाढवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वन्संपुढे नवी पिपेट धरली; जुनी यापुढे जेलच्या खोलीतच राहील, म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, हात बसलेली वस्तू मी दोन घरांत वाटणार नाही, मला हिच्याशिवाय काम येत नाही. मग तुम्हाला मिश्रणाच्या खोलीत येता येणार नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. वन्संनी पिपेट एप्रनच्या खिशात घातली आणि जेलच्या खोलीत जाऊन बसल्या त्या बसल्या. मिश्रणाच्या ज्या खोलीत त्यांच्या परवानगीशिवाय कोणी शिंकत नसे, तिथे आता सामान ठेवायला वहिनी जायची. वहिनीची नोकरी राहिली. बोलणं आधीही नव्हतं, ते तसंच राहिलं.

त्यानंतर वन्सं फार काळ जगल्या नाहीत. एका सकाळी वहिनी चहा घेऊन गेली, तर त्या झोपेतच गेलेल्या होत्या. आदल्या दिवशी काही निराळं घडलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पण तसं काही घडलं नव्हतं. मिश्रणाच्या खोलीला रोज बर्फ लागतो, कारण तिथला नाजूक मसाला उघड्यावर ठेवला तर बिघडतो. बर्फाचं यंत्र तळघरात. त्या खोलीची बंदी झाल्यावरही बर्फ आणून द्यायचं काम वन्संनी सोडलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं आणि नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्या आदल्या दिवशीही त्या बर्फाची बादली घेऊन जिना चढून आल्या, दारात थांबल्या, आत पाऊल टाकलं नाही. वहिनी आत स्टँड लावत होती.

“घे. आणि झाकण लाव, नाहीतर गप्पांत सगळं वितळेल.”

गप्पा मारायला खोलीत वहिनीशिवाय दुसरं माणूस नव्हतं. तिने बादली घेतली, झाकण लावलं. वन्संनी ओले हात एप्रनला पुसले आणि जेलच्या खोलीकडे वळल्या.