पाचवी जिलबी

जिलबीचे आंबवलेले पीठ गरम तेलात पडते, तेव्हा एक आंबटगोड वास सुटतो. तो कुठेही आला तरी मी तळोद्यातल्या बारावीच्या वर्गात, खिडकीलगतच्या बाकावर जाऊन बसते. शेजारची जागा रिकामी असते.

अर्थशास्त्राच्या सरांना दोन आवाज होते. टिपण सांगतानाचा आवाज खडूसारखा कोरडा. त्यातून प्रमाण मराठीची लांबलचक वाक्ये स्वल्पविरामांसकट उतरत. ती संपली की सर खडू ठेवत, हात झटकत, आणि दुसरा आवाज सुरू होई. तो अहिराणीचा. एखादी वस्तू जितकी अधिक मिळते तितकी तिच्या पुढच्या नगाची उपयोगिता घटत जाते, हा नियम सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत त्यांनी त्याच आवाजात उलगडला.

"पहिली जिलबी कशी लागस? गोड. दुसरी बी गोड. पाचवीले कोन हात लावस, सांगा बरं?"

"सर, तुम्ही आना त सही," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले.

वर्ग हसला. मला नियम लख्ख कळला. पाकाचा थर चढत जाऊन जिभेवरची गोडी बोथट होताना मला जाणवली. पण त्यातला एक शब्दही मी वहीत उतरवला नाही. सरांनी खडू ठेवला की मी पेन ठेवत असे. आमच्या घरी आई रागवायची ती अहिराणीत, लाड करायची तेही अहिराणीत. तरीही माझ्या वहीत त्या बोलीला जागा नव्हती. वही म्हणजे निळ्या शाईची रेखीव अक्षरे, लाल अधोरेखा आणि शुद्ध वाक्ये. माझे अक्षर वर्गात सर्वांत सुंदर आहे, असे सगळे म्हणत, आणि मी ते ऐकत असे.

शेजारची रिकामी जागा माझ्या मैत्रिणीची. ती सातपुड्यातल्या एका पाड्यावरून येऊन वसतिगृहात राहिलेली. घरी पावरी बोली, तळोद्याच्या बाजारात शिकलेली अहिराणी, आणि प्रमाण मराठी फक्त पुस्तकापुरती. तिची वही माझ्याहून अगदी निराळी होती. सर खडू ठेवत तेव्हाच तिचे पेन धावू लागे. एकदा मी तिच्या पानावर कांदे, मिरच्या, कापसाचा भाव असे काहीबाही पाहिले आणि चार मुलींसमोर म्हणाले, "ही अर्थशास्त्राची वही आहे की बाजाराची यादी?"

"बाजारच त शे ना वं," ती हसून म्हणाली. पण त्यानंतर ती वहीवर डावा हात आडवा ठेवून लिहू लागली.

दिवाळीनंतर तिचे घर दरवर्षी गुजरातेत ऊसतोडीला जाई. त्या वर्षी आई आजारी, म्हणून स्वयंपाकाला तिला जावे लागले. आई बरी झाल्यावर, दीड महिन्याने ती परतली तेव्हा यात्रा उठून गेली होती. बोटांवर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे होते. तिला नर्सिंगला जायचे होते. बारावी पास झाली नाही, तर पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तोच ट्रक आणि तोच फड, हे तिने मला सरळ सांगितले. मग माझी वही मागितली.

"सर बोलतस ते बी लिखं शे ना?"

"सगळं आहे," मी म्हणाले.

त्याच वेळी मला जिलबी आठवली होती. दहा मिनिटे तिच्याजवळ बसून सांगता आली असती. पण सांगायचे तर अहिराणीत सांगावे लागले असते, आणि माझ्या सुंदर वहीत काहीतरी राहून गेले आहे हे कबूल करावे लागले असते. मी वही दिली. तिने माझी पानेच्या पाने उतरवली आणि पाठ केली.

पेपरात तो नियम आला, उदाहरण आणि आकड्यांच्या तक्त्यासह. मी जिलबीच लिहिली, शुद्ध मराठीत. बाहेर आल्यावर तिने विचारले, "आकडा चढतस का उतरतस वं? मी चढता लिखात." माझ्या वहीतली व्याख्या तिला शब्दन्‌शब्द पाठ होती, तिच्यातले 'घटत जाणे' म्हणजे आकडे उतरणे, हे मात्र त्या वहीत कुठेच नव्हते. "उतरतात," मी म्हणाले. तिने मान हलवली आणि प्रश्नपत्रिकेची घडी घातली. तो एकच प्रश्न नव्हता. त्या दीड महिन्यातल्या प्रत्येक धड्यातून मी सरांचा दुसरा आवाज गाळला होता.

निकालात ती अर्थशास्त्रात राहिली. मला त्या विषयात वर्गात सर्वाधिक गुण होते.

गुणपत्रक घेऊन ती जीपच्या थांब्यावर उभी होती. वर्तमानपत्राचे कव्हर घालून तिने माझी वही परत आणली होती. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. जीप भरत आली, तशी ती मागच्या फळीवर चढून बसली. मला काहीतरी सुटका हवी होती. वहीचा थोडातरी उपयोग झाला, एवढे तिने म्हणावे, म्हणून मी विचारले, "माझ्या वहीतलं तुला काय आवडलं?"

तिने खरोखर आठवून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जीप सुरू झाली, डिझेलचा धूर आमच्यामध्ये आला, आणि त्यातून ती म्हणाली,

"अक्षर."