लेकीचं घर सोडून बाकी सगळं

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी आणि बायको अकरा दिवस कोरियाला जाऊन आलो. आमची एकुलती एक लेक तिकडं देगू नावाच्या शहरात संशोधनाचं काम करते. तिथल्याच मुलाशी लग्न करून तिथंच राहिली आहे. मी राजांच्या समाध्या पाहिल्या, डोंगरातला दगडी बुद्ध पाहिला, नदीनं तिन्ही बाजूंनी वेढलेलं जुनं गाव पाहिलं, कागदी दारांच्या दोन पाहुणघरांत राहिलो. लेकीचं घर मात्र पाहिलं नाही. बायकोनं पाहिलं. ती तिथं चार दिवस राहून आली.

हे कसं झालं ते सांगायचं, तर त्याच्याही चार वर्षं मागं जावं लागेल.

मी वडीगोद्रीजवळच्या शाळेत इतिहास शिकवत होतो. शाळेची सहल निघाली की लेकीला सोबत न्यायचो. रोहिलागडच्या लेण्यांत मी तोंड उघडायच्या आत ती मोठ्या वर्गातल्या पोरांना माहिती सांगून मोकळी व्हायची. तेव्हा ती चौथीत असेल. पुढं शिष्यवृत्ती मिळवून कोरियाला गेली, तेव्हा गावभर पेढे मीच वाटले. मग एके दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "पप्पा, मी लग्न केलंय. नोंदणी झाली. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, पण तुम्ही नाहीच म्हणाला असता."

मी फोन ठेवला. भावकीत कोणाला काही कळू दिलं नाही. कोणी विचारलं, तर "अजून शिकून राह्यली" एवढंच सांगायचो.

सहा महिन्यांनी ती नवऱ्याला घेऊन आली. नेमकं तेव्हाच माझ्या पुतणीचं लग्न जुळत होतं. मी लेकीला फोनवर सांगितलं, "गावाकडं आत्ता नको. जालन्याला थांबा. मीच येतो." स्टेशनजवळच्या एका लॉजवर त्यांची खोली केली. तीन दिवस मी त्यांना गाडीतून फिरवत राहिलो. अंबडचं मत्स्योदरी देवीचं देऊळ दाखवलं, रोहिलागड दाखवला, जालन्याचा मोती तलाव दाखवला. घर सोडून सगळं दाखवलं. बायको मोठ्या जावेला "दवाखान्यात चालले" असं सांगून पुरणपोळ्यांचा डबा घेऊन लॉजवर आली. जावई पलंगाच्या कडेला बसून जेवला. डबा संपल्यावर त्यानं तो स्वतः धुतला आणि दोन्ही हातांनी तिला परत दिला.

त्याच्या आईनं आमच्यासाठी कापडाचे लहान लहान तुकडे जोडून हातानं शिवलेली एक चादर पाठवली होती. बायकोनं ती पिशवीत घातली. मी म्हणालो, "घरी नको नेऊस. कुठून आली म्हणून विचारतील सगळे." तिनं ती पिशवीतून काढून पलंगावर ठेवली.

आणि मग मत्स्योदरीच्या पायऱ्यांवर पुतणीच्या होणाऱ्या सासरकडचे मामा भेटले.

"काय सर, हे पाहुणे कोण?"

मी म्हणालो, "बियाणं कंपनीचे साहेब आहेत. लेक त्यांच्यासोबत कामाला आलीय."

लेक माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. जावयानं तिला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मला वाटलं, ती काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तिनं नेली नाही. मी जे बोललो तेच तिनं त्याला सांगितलं असणार, कारण ऐकताना तो एकदा माझ्याकडं आणि एकदा मामांकडं बघत होता. मग त्यानं मामांना वाकून नमस्कार केला.

त्यानंतर चार वर्षं लेक आईशी रोज बोलायची. माझ्याशी सणासुदीला. त्यामुळं मागच्या वर्षी तिनं दोघांची तिकिटं पाठवली, तेव्हा मला वाटलं, झालं गेलं ती विसरली. मी बायकोला तसं म्हणालोही. ती चकल्या डब्यात भरत होती. तिनं मान वर केली नाही.

विमानतळावर लेक माझ्या पाया पडली आणि आईला मिठी मारून बराच वेळ तशीच उभी राहिली. जावई कमरेत वाकला. तिथून आम्ही थेट ग्योंगजूला गेलो. जुन्या काळच्या एका राज्याची ती राजधानी. गावाच्या मधोमध हिरव्यागार गवताची मोठमोठी टेकाडं होती. लांबून मला आमच्याकडच्या कडब्याच्या गंज्याच वाटल्या.

"ही टेकाडं नाहीत, पप्पा," लेक म्हणाली. "राजाराण्यांच्या समाध्या आहेत. आत लाकडाची खोली, वर दगड, त्याच्यावर माती. सोन्याचे मुकुट सापडलेत यात."

मला फार बरं वाटलं. तिच्या बोलण्याची ढब माझीच होती. आधी नुसतं बघू द्यायचं, मग नाव सांगायचं, मग आतलं गुपित. पाच दिवस आम्ही फिरत होतो. तारे बघण्यासाठी बांधलेला दगडी मनोरा पाहिला. तळ्याकाठचा महाल पाहिला. रस्त्याकडेची झाडं इतकी पिवळी झाली होती की पायाखाली नुसता हळदीचा सडा. जुन्या धर्तीच्या एका पाहुणघरात उतरलो होतो. पलंग नव्हता. जमीन खालून तापवलेली, त्यावर पातळ गाद्या. बायकोचे गुडघे कधीपासून दुखतात. पहिल्या सकाळी ती कोणाचा आधार न घेता उठली आणि लहान पोरीसारखी हसली.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात यायला लागलं. लेक मला सगळं सांगत होती, फक्त स्वतःबद्दल काही सांगत नव्हती. डोंगरातल्या दगडी बुद्धासमोर मी म्हणालो, "आपण अजिंठ्याला गेल्तो, आठवतं? पाच वर्षांची होतीस. अंधाराला भिऊन माझ्या खांद्यावर बसलीस."

"हो," ती म्हणाली. "हे आठव्या शतकातलं काम आहे, पप्पा. ग्रॅनाइट आहे, त्यामुळं कोरायला जास्त कठीण."

सहाव्या दिवशी आम्ही हाहवे नावाच्या गावात गेलो. नदी त्या गावाला वळसा घालून जाते. मातीच्या भिंती, गवतानं शाकारलेली छपरं, आणि आजही त्या घरांत माणसं राहतात. आमचं पाहुणघर तसंच होतं. वळचणीला सोललेली फळं दोऱ्यात ओवून वाळत घातलेली. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. त्यांनी मला खोली दाखवली. जावयानं माझी बॅग आत आणून ठेवली. मी म्हणालो, "आईची बॅग गाडीतच राहिली."

लेक म्हणाली, "आई आमच्याकडं येतेय. चार दिवस."

"आणि मी?"

"तुमचं इथं बुकिंग आहे. बाई चांगल्या आहेत. जेवणात मांसमच्छी नको, हे मी त्यांना सांगितलंय."

मला आधी नीट समजलंच नाही. मी म्हणालो, "अगं, मीपण आलो असतो. हॉलमध्ये झोपलो असतो."

"जागेचा प्रश्न नाही, पप्पा." तिचा आवाज चढलेला नव्हता. "घरी सासूबाई आहेत. त्यांनी दोन महिने बसून शिवलेली चादर त्यांचा मुलगा परत घेऊन आला. का परत आणली, ते त्याला त्यांना सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, तुझ्या आईला घेऊन ये. तुमचं नाव त्यांनी काढलं नाही. मी पण काढलं नाही."

बायको गाडीजवळ शाल घट्ट लपेटून उभी होती. मी तिच्याकडं गेलो.

"तुला माहीत होतं?"

"तिकिटं आली तवापासून."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आले असते का?" ती म्हणाली. "आन् मला तरी येऊ दिलं असतं का? बिलकुल न्हाई."

खोटं काहीच नव्हतं त्यात. गाडी गेली.

ते चार दिवस मी कसे काढले, ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. राग आलेला होता. माझ्याच पोरीनं मला परदेशात एका अनोळखी बाईच्या दारात सोडलं, हेच डोक्यात घोळत होतं. मालकीणबाई सकाळी लहान लहान वाट्यांनी भरलेला चौरंग आणून ठेवायच्या. भात, भाज्या, पालेभाजीचं पाणी. मी थोडं खाऊन बाकीचं ठेवलं की त्या वाट्यांकडं बघून काळजीनं काहीतरी बोलायच्या. त्यांच्या फोनमध्ये भाषांतर करणारं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात बोलून फोन माझ्यासमोर धरला. फोन हिंदीत म्हणाला, "आपका परिवार कहाँ गया?"

मी हिंदीत सांगितलं, "बेटी के घर."

फोननं त्यांना ते त्यांच्या भाषेत ऐकवलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. पुढं काही विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी दोऱ्यातली दोन फळं काढून माझ्या खोलीपुढं ठेवली.

गावाच्या मधोमध फार जुनं एक झाड आहे. लोक कागदावर मनातलं लिहून तिथल्या दोरीला बांधतात. मीही कागद घेतला. लेकीचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. काय मागायचं? तिनं मला घरी न्यावं, असं लिहावंसं वाटलं. पण मग मत्स्योदरीच्या पायऱ्या डोळ्यांपुढं आल्या, आणि राग उतरून मला नुसतं थंड थंड वाटायला लागलं. नुसतं नाव लिहिलेला कागद बांधला असता तरी चाललं असतं. मी तो बांधलाच नाही.

पाचव्या सकाळी गाडी आली. बायकोच्या अंगात नवा लोकरीचा कोट होता. चेहरा भरल्यासारखा दिसत होता. मी लेकीला बाजूला घेतलं. म्हणालो, "त्याला माझ्यातर्फे सांग. माझं चुकलं म्हणावं. मी तसं बोलायला नको होतं."

ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते मीच त्याला सांगितलं होतं, पप्पा. हे मी नाही सांगणार. तुम्हाला सांगायचं असेल, तर तुम्ही सांगा."

मी मालकीणबाईंचा फोन मागून घेतला आणि जावयासमोर उभा राहिलो. हिंदीत म्हणालो, "मेरे से बहुत बड़ी गलती हुई. माफ कर दो." फोन त्यांच्या भाषेत बोलला. त्यात माझं किती आलं, कोण जाणे. जावयानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग फोन हातात घेऊन तो दोनच वाक्यं बोलला. फोन हिंदीत म्हणाला, "कोई बात नहीं. आपकी यात्रा सुखद हो."

आणि तो वाकला. अगदी तसाच, जसा मामांसमोर वाकला होता. लेक तोपर्यंत गाडीत जाऊन बसली होती.

परत आल्यावर गावात मला मान मिळाला. महिनाभरानं माझ्या जुन्या शाळेनं बोलावलं. मी पोरांना समाध्या सांगितल्या, मनोरा सांगितला, फोटो दाखवले. शेवटी सहावीतली एक पोरगी उठून उभी राहिली. "सर, तुमच्या मुलीचं घर कसं आहे?"

"मोठं आहे," मी म्हणालो. "दहाव्या मजल्यावर. खिडकीतून नदी दिसते." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन ते बायकोला सांगितलं. ती तूर निवडत होती. "खोटं कशाला बोललात?" ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर हाय. नदी न्हाई तिथं."

देगूच्या घराबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती. ती आणखी बोलेल म्हणून मी तिच्याजवळ बसून तूर निवडायला लागलो.

"दारात सपाता असत्यात घरात घालायच्या," ती म्हणाली. "माझ्या हायेत. तिच्या सासूच्या हायेत. तुमच्यापण आणल्या होत्या म्हणे तिनं, लग्न झालं तवाच. मोठ्या, तुमच्या मापाच्या. इकडून परत गेली, मंग देऊन टाकल्या कोणालातरी."

"कसल्या होत्या?" मी विचारलं.

"मी कुठं पाह्यल्या?" ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

आता लेकीला दिवस गेलेत. बायको पुढच्या महिन्यात तिकडं जाणार, बाळंतपण उरकून सहा महिन्यांनी येणार. तिकीट एकच आलंय. ती शेंगदाण्याची चटणी करून ठेवतेय, मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी शिवतेय. मी तिला दोरा ओवून देतो. तिला आता नीट दिसत नाही.