जळलेला डायनामो

आमचा ट्रक मी जाळला, हे मला चामोर्शीच्या बाजारात कळलं.

गोंडपिपरीला धानाच्या गिरणीचं इंजिन दुरुस्त करून मी नुकताच परतलो होतो. कांदे निवडत होतो, तेवढ्यात समोर मासे विकायला बसलेला ओळखीचा माणूस हसून म्हणाला, "काऊन गा मिस्त्री, वायर उलट्या जोडल्या म्हणे तू? मार्कंड्याच्या जत्रेत बाया-पोरं नदीच्या रेतीत झोपले तुयापायी."

"कोण म्हणते असं?"

"तुया भाऊच सांगून राह्यला. साऱ्या बाजारात."

कांदे तसेच टाकून मी उठलो. घरापर्यंतची वाट मला आठवत नाही. कानशिलं तापली होती, एवढं आठवतं.

तो ट्रक लढाईतला होता. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेला, हिरव्या रंगाचे पोपडे उडालेला. मी आणि माझ्या थोरल्या भावाने मिळून तो घेतला होता. भाऊ चालवायचा. जंगलातून बांबू आणि सागवान डेपोवर आणायचा. यंत्राचं सगळं माझ्याकडे, कारण लढाईच्या काळात मी लष्करी वर्कशॉपात विजेचंच काम शिकलो होतो. ट्रक आला तेव्हा त्याच्या सुती वेष्टनाच्या तारा उंदरांनी कुरतडून ठेवल्या होत्या आणि डायनामो बॅटरीला करंट देत नव्हता.

मी तो डायनामो उतरवून अंगणात खाटेवर ठेवला. आतली काजळी पुसली, झिजलेले कार्बनचे ठोकळे बदलले. मग त्यालाच बॅटरीचा करंट देऊन पाहिला. डायनामो धड असेल तर अशा वेळी तो मोटरसारखा फिरतो. तो आधी गुरगुरला, मग छान एका लयीत फिरायला लागला. वहिनी चूल सोडून बघायला आल्या होत्या. त्यानंतर मी एकेक तार नवी ओढली, पत्र्याला घासेल तिथे तिला रबरी नळी घातली. जत्रेच्या आधी ट्रक सुरू केला तेव्हा मीटरचा काटा बॅटरी भरतीच्या बाजूला सरकून स्थिर उभा राहिला. माझं काम चोख होतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

महाशिवरात्रीला भाऊ त्याच ट्रकातून माणसं घेऊन मार्कंड्याला गेला. वहिनीही गेल्या. मी गोंडपिपरीला होतो.

घरी आलो तर ट्रक बाभळीखाली उभा. बैलांनी ओढून आणला होता. भाऊ जेवून कुठेतरी गेला होता. मी तसाच डायनामो खोलला. जळक्या वार्निशचा वास नाकात भरला. आतल्या तांब्याच्या गुंडाळ्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. पुढचे दोन्ही दिवे काढले, दोन्ही बल्ब उडालेले. मग तारा तपासल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकीलाही साधा चटका नव्हता. माझी जोडणी चुकली असती तर आधी तार जळली असती. दिवे आणि डायनामो एकदम जातात ते एकाच कारणाने. इंजिन चालू असताना कोणीतरी बॅटरी सोडवली होती. डायनामोचा करंट घ्यायला बॅटरीच नाही म्हटल्यावर तो भडकला, त्याने दिवे उडवले आणि स्वतःही जळाला.

संध्याकाळी भाऊ जेवायला बसला. मी ताटावर बसलो नाही, दारात उभा राहिलो.

"बॅटरी कोणं सोडली?"

"तुया वायरीनं जळला तो," भाऊ मान वर न करता म्हणाला.

वहिनी भाकरी वाढत होत्या. नवऱ्यासमोर त्या माझ्याशी क्वचितच बोलत. त्या दिवशी बोलल्या. "भाऊजी, मी मोटारीतच बसून होती. दिवे लागले होते. ठेकेदाराची जीप सुरू नोहती होत, म्हणून यायनं आपली बॅटरी काढून नेली. इंजिन चालूच होतं. एकदम पांढराफटक उजेड पडला आन् सारं इझलं."

मला वाटलं, आता भाऊ ओरडेल, नाही म्हणेल. त्याने घास गिळला.

"हो, काढली. ठेकेदाराले नाई म्हनू काय? लाकडाचं काम तोच देते आपल्याले."

"मंग बाजारात मायं नाव काऊन सांगतलं?"

"त कोनाचं सांगू? त्याचं सांगतलं त काम जाते. मायं सांगतलं त मोटारीत कोनी बसत नाई. तू त घरचाच हायेस."

घरचाच! ट्रक जळाला त्याचा मला इतका राग आला नव्हता. वस्तू जळते, दुरुस्त होते. पण घरचा म्हणून माझं नाव सगळ्यांत स्वस्त, हे त्याने भाकरी मोडत सांगितलं. मी दारातला पाण्याचा लोटा उचलून अंगणात भिरकावला. तो भिंतीवर आपटून चेपला. भाऊ जेवतच राहिला.

गुंडाळ्या मी नागपूरला नेऊन नव्याने भरून आणल्या. डायनामो पुन्हा बसवला, बल्ब लावले. जिच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही अशी शेवटची एक तार मात्र मुद्दाम लोंबती ठेवली.

"जोड ना," भाऊ म्हणाला. डेपोवर बांबूचा माल अडून होता.

"बाजारात चाल. तिथी सांग का बॅटरी तू काढली. मंग जोडतो."

"पागल झाला काय?"

"होय. झालो."

तो आधी हसला, मग शिव्या दिल्या. पुढच्या बाजारापर्यंत ट्रक बाभळीखालीच राहिला. शेवटी बैल जुंपून आम्ही तो बाजाराच्या कडेला आणला. भाऊ चिंचेखाली उभा राहिला आणि जमिनीकडे बघत घाईघाईने म्हणाला, "बॅटरी म्या काढली होती. याची चूक नाई." ऐकायला मिरच्या विकणारी एक म्हातारी होती आणि बिडी ओढणारे काही गाडीवान. त्यांच्यापैकी एकाने विचारलं, "कोनती बॅटरी?" मासे विकणारा त्या दिवशी आलाच नव्हता.

मी तार जोडली. भावाने हँडल मारलं. इंजिन धडधडलं, काटा भरतीकडे सरकला.

"बस," भाऊ आत चढून बाजूची जागा थोपटत म्हणाला, जणू सगळं मिटलं होतं.

मी बसलो नाही. पायी घरी आलो. वहिनींनी विचारलं, "झालं काय जी?"

"ट्रक झाला," मी म्हणालो.

पावसाळा संपल्यावर मी चांद्याला वेगळं दुकान टाकलं. भाऊ सामान न्यायला येई, चहा घेई, जंगलाच्या गोष्टी सांगे. मी त्याला हवं ते काढून देई आणि त्याच्या तोंडाकडे न बघता पुढचं काम हातात घेई.