धोंडप्पाचा बिब्बा

गंगाखेडच्या धोंडप्पाला शिकल्यासवरल्यांचा भारी तिटकारा. त्यातही परभणीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा जावई मन्मथअप्पा म्हणजे त्याच्या लेखी दीडशहाण्यांचा मुकुटमणी.

धोंडप्पाची उभी हयात लिंगायतांच्या गळ्यातल्या इष्टलिंगांवर काळी कांती चढवण्यात गेली. शेणीची राख आणि बिब्ब्याचं तेल घोटून तो लेप द्यायचा. रोजच्या पूजेच्या पाण्यानं तो वर्षानुवर्षं हलत नसे. पण साठीनंतर बिब्बा अंगावर उतायला लागला. तोंड सुजलं, डोळे मिटले. "पुन्हा हात लावाल तर डोळे गमवाल," डॉक्टरांनी बजावलं. धोंडप्पानं खल पालथा घातला.

अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात थोरली बहीण शिवम्मा हिच्या लिंगाची कांती टवका होऊन निघाली. पूजेशिवाय ती घास घ्यायची नाही. नवं लिंग घे म्हटलं तर म्हणाली, "मायनं बांधलेलं हाय, ह्येच पायजे."

"मामा, तुम्ही हात लावू नका. मी आहे ना!" मन्मथअप्पानं ऐटीत विकतच्या गोंदाची एक नळी काढली. लिंग उन्हात खडखडीत वाळवलं, टवका चिकटवला, दिवसभर ठेवला. वा रे पंडित! रोज पाणी घालायची वस्तू, आणि म्हणे कोरडी करून चिकटवा! सकाळी शिवम्मानं पाणी सोडलं, टवका ताम्हणात. पठ्ठ्यानं पुन्हा नळी दाबली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. शिवम्मा उठायला गेली आणि भिंतीशी कोसळली.

धोंडप्पानं खल सुलटा केला. लेप दिला, आणि उन्हात नव्हे, ओल्या फडक्याखाली मडक्यात लिंग ठेवलं. ओलीतच तो लेप आवळतो. अक्काच्या उपासाच्या चौथ्या दिवशी त्याचे डोळे सुजून पार मिटले होते. पाण्याची धार तेवढी ऐकू आली.

"धरलं का गं अक्का?"

"धरलं. लय घट हाय."

ती भाकरी मोडायला लागली, तसा मन्मथअप्पाला कंठ फुटला. "समुद्रातले शिंपले लाटांत खडकाला धरून राहतात, मामा. त्यांच्या चिकात जे असतं, त्याच जातीचं बिब्ब्यातही असतं. मी वाचलं होतं."

"वाचलं व्हतं?" धोंडप्पानं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. "आन तरी नळी काढली? जावईबापू, बिब्बाच धरतो ह्ये मलाबी ठावं व्हतं. मी माज्या डोळ्यांपायी भ्यालो, म्हून अक्का उपाशी ऱ्हायली. तुमी कशाला भ्यालात?"