अल्काने निवडलेले मथळे

अल्काचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ती माझी सून. पाणी भरून, डबा करून गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्याहून पायी राइस मिलमध्ये जायची. मी तिथे पोती वाहिली, ती तांदूळ निवडायची. खडा, काळा दाणा बाहेर. नुसता संशय आला तरी बाहेर. एकेका दाण्याचा विचार करायला मुकादम वेळ देत नसे. मग निवडणारी मशीन आली आणि बाया घरी बसल्या.

२०१६ साली तिला गोंदियात संगणकावर काम मिळालं. संघदीप नावाचा पोरगेला इंजिनिअर मोबाइलवर बातम्या दाखवणारं अ‍ॅप बनवत होता. तिने मथळे वाचायचे आणि दोन ढीग करायचे, सरळ आणि फसवे. 'पुढे जे झालं ते पाहून थक्क व्हाल' असले फसवे. उघडलं तर आत काही नाही. तिचे ढीग पाहून मशीन स्वतः निवडायला शिकणार होती.

मला पटलं नाही. "बसून वाचाचे पैसे कोन देते, बाई? नीट पाह्य."

"पैसे देते, मामाजी. भेव दुसरंच आहे. मशीन शिकली का मले घरी पाठवन."

"मंग कायले शिकवतेस?"

"दुसरं काम दाखवा, आत्ता सोडीन."

पावसाळ्यात जंगलाकडच्या नवेगाव बांधच्या रस्त्यावरचा पूल खचला. ती खरी बातमी मशीनने फसव्यात टाकली, लोकांना दिसलीच नाही. अ‍ॅपचा मालक काम बंद करायला निघाला. संघदीपने तिचे ढीग उपसले.

"ताई, नवेगावचं सगळंच फसव्यात काऊन?"

"नवेगाव म्हटलं का वाघाचा मथळा. उघडला का वाघच नाही. मंग न उघडताच टाकत गेली. मिलमध्ये आमी तसंच करो. संशय आला का बाहेर."

"मशीन शब्द मोजते, ताई. कोणता शब्द कोणत्या ढिगात जास्त, एवढंच तिले समजते. आता नवेगाव दिसलं का फेकते. दाणा गेला त चालते, बातमी गेली त कसं चालन?"

आमच्या घराशेजारच्या निर्मलाबाईच्या कानावर हे आलं. तीही मिलमधली. म्हणाली, "राहू दे मशीनले आंधळी. जेवढी चुकन तेवढे दिस तुही मजुरी."

अल्का म्हणाली, "चूक माही आहे. तिच्यावर कायले जगू?"

तिने सगळं पुन्हा निवडलं. मथळा उघडायचा, आत पूर्ण वाचायचं, मगच ठेवायचा. पडद्याकडे पाहून पाहून डोळ्यांतून पाणी गळायचं. दुसऱ्यांदा निवडल्याची मजुरी माग, असं मी बजावलं. तिने मागितली, संघदीपने दिली. या वेळी पुलाची बातमी मशीनने सरळमध्ये घेतली आणि काम चालू राहिलं.

हिवाळा संपला तेव्हा संघदीप म्हणाला, "ताई, आता मशीन बरोबर निवडते." म्हणजे उद्यापासून काम नव्हतं. अल्का डबा उचलून घरी आली.

जमवलेल्या मजुरीतून तिने शिलाई मशीन घेतली. दुकानदार मोटर लावून देत होता. तिने नको म्हटलं. पायाने चालणारीच घेतली. म्हणाली, "ही माह्याबिगर चालत नाही, मामाजी."